शमूनी सुईणीची साक्ष

माझी सासू शमूनी ही बेथ-नहराची सुईण. फरातकाठचं आमचं गाव काही मोठं नाही. वरच्या अंगाला आम्ही ख्रिस्ती, खाली घाटाजवळ यहुद्यांची आळी, मध्ये बाजार. या तिन्ही ठिकाणी शमूनीला विचारल्याशिवाय कोणी जन्माला येत नाही, असं लोक म्हणायचे. तिचा नवरा जब्दा नावाडी होता. एका वसंतात वरच्या डोंगरांतला बर्फ वितळून नदीला लोंढा आला आणि तो होडीसकट गेला. तेव्हा तिच्या पदरात तीन वर्षांचा गूर्या होता, म्हणजे माझा नवरा. तिने दुसरं लग्न केलं नाही. पोराला पाठीशी बांधून बाळंतपणं करत ती फिरली. बाळंतपण अडलं, लांबलं, की गूर्याला ती यहुदी आळीत शप्पीराकडे ठेवायची. त्याचा पहिला दात पडला तो तिच्या घरी, आणि पहिला मारही तिच्याच हातचा खाल्ला.

शप्पीराचा नवरा तन्हूम यहुद्यांच्या सभास्थानाचा राखणदार होता. दिवे घासायचे, चटया झटकायच्या, पोथ्यांचं कपाट उघडायचं-लावायचं, एवढंच त्याचं काम. पण ते तो असं करायचा की जणू सगळं छप्पर त्याच्या डोक्यावर उभं आहे. कानाने जरा जड होता. त्याला पाच मुली, पाचही माझ्या सासूच्या हातच्या. पाचवीच्या वेळी तो दाराबाहेरून म्हणाला होता, "शमूनी, आता तरी मुलगा दे गं बाई." ती आतून ओरडली, "मी देत नाही बाबा, मी फक्त घेते. माल तुझाच आहे." ही गोष्ट घाटावर कपडे धुताना बायका अजून सांगतात. आता सांगताना नावं घेत नाहीत, इतकंच.

शब्बाथच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी यहुद्यांना चूल पेटवायची नसते, आणि दुसऱ्याला पेटव म्हणून सांगायचंही नसतं. थंडीत शमूनी सहज गेल्यासारखी तिकडून जायची. शप्पीरा भिंतीकडे बघून म्हणायची, "आज काय गारठा आहे." सासू म्हणायची, "बाई, मलाच थंडी वाजतेय," आणि स्वतःसाठी म्हणून शेगडी पेटवून, हात शेकून निघून यायची. वर्षानुवर्षं हे चाललं. दोघींनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

मी या घरात आले तेव्हा गूर्या चोवीस वर्षांचा होता. होड्यांना डांबर लावायचं काम करायचा. हात कोपरापर्यंत काळे, अंगाला कायम तो वास. मला तो आवडायचा, वाससुद्धा. सासूची जीभ तिखट होती. पहिल्याच आठवड्यात तिने माझा हात हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "मर्थाना, बोटं छान लांब आहेत तुझी. पण डाळीतल्या मिठापर्यंत पोचत नाहीत वाटतं." मी रडले. मग तिनेच जवळ बसवून खजूर भरवला.

त्यानंतर दोन वर्षांनी गावात नवे बिशप आले. आधीचे म्हातारे बिशप प्रवचन करता करता स्वतःच पेंगायचे. हे तरुण, आवाज घंटेसारखा. पास्काच्या, म्हणजे प्रभूच्या पुनरुत्थानाच्या, सणाआधीच्या आठवड्यात ते रोज एकच गोष्ट बोलले: प्रभूला क्रूसावर कोणी दिलं? आणि मग हात लांब करून घाटाकडे दाखवायचे. त्यांच्याबरोबर वाळवंटातले बैरागीही यायला लागले, दाढ्या वाढलेले, हातात काठ्या. घाटाकडे बोट दाखवलं की ते काठ्या जमिनीवर आपटायचे.

गूर्या त्या आठवड्यात घरी आला तो वेगळाच होऊन. जेवताना म्हणाला, "आई, तू त्या आळीत जाणं आता कमी कर."

"का? बायका बाळंत व्हायच्या थांबल्यात?"

"त्यांनी आपल्या प्रभूला मारलं."

"कोणी?"

"यहुद्यांनी."

"नावं सांग की. मला आळीतलं प्रत्येक नाव माहीत आहे."

"हे आत्ताचं नाही आई. साडेतीनशे वर्षं झाली त्याला. पण ते पाप त्यांच्यात उतरतं. पिढ्यान्पिढ्या."

सासू भाकरी मोडता मोडता थांबली. म्हणाली, "तीस वर्षं मी पोरं बाहेर काढतेय. बाळ येतं ते मुठी घट्ट मिटून. मी त्या एकेक उघडून पुसते, यहुद्याची असो नाहीतर आपली. आत थोडा चिकटा असतो, गर्भाचं पाणी असतं. दुसरं काही सापडलं नाही मला."

"तू बाईमाणूस, तुला धर्मातलं काय कळतं?"

"तेही खरंच. वाढ गं याला अजून डाळ." तिने विषय संपवला. मला वाटलं, घराघरांत सासू-सुनांचं होतं तसं मायलेकांचं हे. निवळेल.

त्याच उन्हाळ्यात, एका मंगळवारी, हुतात्म्यांच्या सणाची मिरवणूक निघाली. दुपारची वेळ. बैरागी पुढे, त्यांच्यामागे गाव. घाटाच्या वळणावर दोन यहुदी त्यांचं मालाचं गाढव बाजूला करत नव्हते म्हणे, किंवा गाढवच हलत नव्हतं. नक्की काय झालं ते मला आजवर दोन माणसांनी एकसारखं सांगितलेलं नाही. मी घरी होते. आधी आरडाओरडा ऐकू आला आणि मग सभास्थानाच्या बाजूला धूर दिसला, काळा, जाड. तसा धूर लाकडाचा नसतो. तो डांबराचा धूर होता हे मला बघताक्षणी कळलं, आणि ते कळलं नाही असं मी स्वतःला समजावलं.

गूर्या घरी आला तेव्हा त्याची एक भुवई जळलेली होती. सासू दारातच होती. तिने विचारलं, "आत कोण होतं?"

"कोणी नव्हतं. सगळे पळाले होते. बैराग्यांनी बघितलं, आत कोणी नाही म्हणाले."

"डांबर कोणी नेलं?"

तो ओट्यावर बसला. मग म्हणाला, "घाटावर माझीच मडकी होती. ते म्हणाले आण, मी आणलं. मी एकटा नव्हतो आई. सगळे होते."

एवढ्यात शेजारीण धावत सांगत आली की तन्हूम आत होता. दार पेटलं तेव्हा तो पोथ्यांच्या कपाटामागे होता, त्याला काही ऐकू आलं नसणार. एक पोथी छातीशी धरून बाहेर आला तो पेटलेलाच.

सासूने तिळाच्या तेलाचा बुधला उचलला, जुनी मऊ लुगडी फाडून घेतली आणि गेली. मी घरी राहिले. मी काय केलं ते सांगते. गूर्याचा अंगरखा काढून घेतला, तेल आणि राख चोळून चोळून बाहीवरचं डांबर घालवलं, स्वच्छ धुऊन वाळत घातला. मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे चौकशी झाली तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही, आणि मीही होऊन कोणाला सांगितलं नाही.

तन्हूम नऊ दिवस जगला. नऊही दिवस सासू तिथे होती. जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची, थेंब थेंब पाणी पाजायची. फक्त भाकरीपुरती घरी यायची आणि त्या वेळात गूर्याशी एकच बोलणं बोलायची.

"जा आणि सांग."

"कोणाला?"

"आधी शप्पीराला. मग त्यांच्या पंचांना."

"बिशप म्हणाले, यात पाप नाही. खोट्या देवळाची राख झाली, बस."

"बिशपांनी त्याची पाठ बघितली आहे का? मी रोज बघते."

"आई, मी मुद्दाम नाही केलं. आणि मी एकट्याने नाही केलं."

तेव्हा ती जे म्हणाली ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. आवाज चढवला नाही तिने. "साडेतीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी कुठेतरी जे केलं, त्याला तन्हूम जबाबदार. आणि परवाच्या मंगळवारी तू तुझ्या हाताने डांबर नेलंस, त्याला तू नाहीस. हे कुठलं गणित रे पोरा?"

गूर्या उठून गेला. त्या दिवसांत तो काही खात नव्हता. भाकरी तोंडाजवळ न्यायचा आणि खाली ठेवायचा.

तन्हूम गेला त्या दिवशी शप्पीराने माझ्या सासूचे हात धरले. म्हणाली, "शमूनी, गावातलं कुठलं घर तुला माहीत नाही? सगळे म्हणतात, गर्दी होती. गर्दीला आई नसते. मला एक नाव सांग. मी काही करणार नाही गं. मला फक्त कळू दे."

सासू म्हणाली, "विचारते." एवढंच. हे तिने स्वतः मला नंतर सांगितलं. "विचारते म्हणाले मी. मला विचारायचं काय होतं?" असं ती म्हणायची.

त्यांच्यात मयताच्या मागे सात दिवस घरातली माणसं जमिनीवर बसतात. ते सात दिवसही ती रोज मसूर शिजवून घेऊन गेली. आणि गप्प राहिली. ती आई होती. तिला वाटत होतं, गूर्या स्वतः जाईल. एक दिवस अजून थांबू. अजून एक दिवस.

आठव्या दिवशी सुभ्याच्या मुख्य गावाहून अंमलदार आला. यहुद्यांनी वरपर्यंत अर्ज केला होता. बाजारातल्या कमानीखाली त्याने बैठक मांडली, कारकून लिहायला बसला. एका बाजूला आळीतले पंच, बायका आणि शप्पीरा. दुसऱ्या बाजूला आम्ही सगळे, आणि पुढे बिशप.

अंमलदाराने विचारलं, "आग कोणी लावली?"

बिशप म्हणाले, "एकाचं नाव लिहायचं असेल तर माझं लिहा. माझं लिहायची हिंमत नसेल तर कोणाचंच लिहू नका."

आमच्या बाजूची माणसं खूश झाली. कोणी म्हणालं, माझं लिहा. दुसरा म्हणाला, माझंही. हसण्यावारीच गेलं सगळं. ज्यांनी काडीसुद्धा उचलली नव्हती तेही छाती पुढे काढून नावं सांगायला लागले. कारकुनाने लेखणी खाली ठेवली. इतकी नावं म्हणजे एकही नाही, हे त्यालाही कळत होतं. गूर्या माझ्या शेजारी उभा होता. तो मात्र काही बोलला नाही.

सासू गर्दीतून पुढे गेली. मी तिचा पदर धरायला हात पुढे केला, पण धरला नाही.

"तू कोण?" अंमलदाराने विचारलं.

"इथली सुईण."

"आग लावताना पाहिलंस कोणाला?"

"पाहिलं नाही. ज्याने डांबर नेलं त्याने मला त्याच दिवशी सांगितलं. गूर्या, जब्दा नावाड्याचा मुलगा. माझा मुलगा."

अंमलदाराने दोनदा विचारलं, विचार करून बोलतेस ना म्हणून. ती हो म्हणाली. मग त्याने विचारलं, "आणखी कोण कोण होते?"

"त्यांची नावं त्यांच्या आयांना विचारा," ती म्हणाली.

एकीनेही तोंड उघडलं नाही. गूर्याला तिथूनच बेड्या घालून नेलं. जाताना त्याने आईकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मला बघवलं नाही.

शप्पीरा उठून माझ्या सासूपाशी आली. मला वाटलं, गळ्यात पडेल. ती म्हणाली, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"तू त्याच्या जखमा धूत होतीस तेव्हा?"

"हो."

"सोळा दिवस मी तुझ्या हातचं पाणी प्याले, शमूनी." एवढं बोलून ती निघून गेली. त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत.

दीड महिन्याने राजधानीतून पत्र आलं. बिशपांच्या वरच्या बिशपांनी आमच्या बादशहाच्या कानावर घातलं होतं म्हणे. प्रकरण मिटवावं, कोणाला शिक्षा नको, सभास्थान पुन्हा बांधायची गरज नाही, असा हुकूम होता. गूर्या सुटून आला. गावाने त्याला वेशीपासून खांद्यावर घेतलं. बिशपांनी कपाळाचं चुंबन घेतलं. मिरवणूक आमच्या दारावरून गेली, सासू दारात उभी होती, पण खांद्यावरून तो खाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला की चर्चमागची खोली आम्हाला दिली आहे, मी सामान घेऊन यावं. मी गेले. नवऱ्यामागे जायचं असतं, म्हणून गेले. सासूने स्वतः माझं बोचकं बांधून दिलं. वर म्हणाली, "त्याला जेवायला घाल. अर्ध्यावर उठला तर बसव परत."

त्या दिवसापासून आमच्या लोकांनी तिला बाळंतपणाला बोलावणं बंद केलं. पोटच्या पोराला विकणारी, असं नाव पडलं. आळीतल्या लोकांनीही बोलावलं नाही. दुसऱ्या गावाहून एक नवी सुईण आणली. कुणाचं अगदीच अडलं, मूल आडवं आलं, तर मागच्या दाराने शमूनीला न्यायचे, तोंडावर पदर घ्यायला लावायचे. ती जायची. बाळ-बाळंतीण सुटली की त्याच दाराने परत यायची. मी म्हटलं एकदा, "कशाला जाता अशा ठिकाणी?" तर म्हणाली, "आत जे अडलेलं असतं त्याला पुढचं दार आणि मागचं दार काय माहीत?"

त्या वर्षीच्या शरदात आळी रिकामी व्हायला लागली. एकेक कुटुंब होड्यांतून खाली, सरहद्दीपलीकडे इराणच्या बादशहाच्या मुलखात गेलं. तिथे त्यांची माणसं पुष्कळ होती. शप्पीरा धाकट्या मुलीबरोबर निघाली त्या दिवशी सासू घाटाच्या वरच्या पायरीवर उभी होती. शप्पीराला ती दिसली असणार. होडी वळणाआड जाईपर्यंत तिने मान वळवली नाही.

गूर्याचं कौतुक वर्षभर पुरलं. जो तो त्याला पाजायचा आणि ती गोष्ट पुन्हा सांगायला लावायचा. दर वेळी सांगताना लोकच भर घालायचे, तो नुसता ऐकायचा. हळूहळू तो खजुराची दारू एकट्याने प्यायला लागला. मग डांबराचं काम सोडलं. म्हणाला, वास सहन होत नाही. आम्हाला मूल झालं नाही. मी भाकरी वाढायची, तो अर्ध्यावर उठायचा, मी परत बसवायची.

चौथ्या वर्षी एका सकाळी तो आईच्या ओट्यावर जाऊन बसला. मी मागोमाग गेले. सासू लोकर कातत होती. तो म्हणाला, "आई, मला माफ कर."

तिने चाती थांबवली. "मला काय मागतोस? माझं काय जाळलंस तू?"

"तू मला पकडून दिलंस. मी तुझ्यावर रागावलो. त्याची माफी."

"ती केव्हाच दिली. तेवढ्यासाठी आला असशील तर जेवून जा." मग म्हणाली, "माझंही शप्पीराकडे राहिलंय रे. सोळा दिवस. पण माझे पाय आता होडीत चढायचे नाहीत."

तो जेवला. त्या दिवशी पानातलं सगळं संपवलं. आठवड्याभरात एका माल नेणाऱ्या होडीवर चढून तो खाली गेला. मी सासूकडे राहायला परत आले.

तो निघाला तेव्हा शरद होता. त्या हिवाळ्यात सासूला छातीत कफ झाला आणि चार दिवसांत ती गेली. शेवटच्या दिवशी ती शुद्धीवर होती. होडी आली का, असं तिने दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. तिला पुरायला चर्चमधून कोणी आलं नाही. ज्यांच्याकडे ती मागच्या दाराने जायची त्यातल्या चार बायका मात्र पुढच्या दाराने आल्या, आणि मी.

सातूची कापणी चालू असताना गूर्या परत आला. घाटावर मीच होते, कपडे धूत. मला बघून त्याने आधी विचारलं, "आई घरी आहे ना?" मी नाही म्हणून मान हलवली. तो पायरीवर बसला. मग त्याने मला सांगितलं.

शप्पीरा त्याला मुलीच्या घरी सापडली होती. तिने आत घेतलं नाही, उंबऱ्यातच उभं केलं. त्याने सगळं सांगितलं. मडकी कुठून आणली, कुठल्या दाराशी ओतली, सगळं. आईचाही निरोप सांगितला, सोळा दिवसांचा. ती ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं: "त्याने हाक मारली होती का? तुम्हाला ऐकू आली का?"

"मी हो म्हणालो," गूर्या मला म्हणाला. "हाक आली होती, मर्थाना. एकदा नाही, तीनदा. कोणी म्हणालं, बाहेरचं कोणी ओरडतंय. पण ते तसं नव्हतं. आवाज मी लहानपणापासून ओळखत होतो. आईला मी हे कधी सांगितलं नाही."

शप्पीराने चौकट धरली. मग म्हणाली, "तुझ्या आईला ठाऊक आहे का हे?" तो नाही म्हणाला. "मग जा. तिला सांग. आणि सांग की सोळा दिवसांचं मी सोडलं." तुझं सोडलं, असं ती म्हणाली नाही. तिने दार लावून घेतलं.

तेवढ्या निरोपासाठी तो प्रवाहाविरुद्ध, होड्या ओढणाऱ्या माणसांत दोर खांद्यावर घेऊन, दोन महिने चालत वर आला होता.

मी त्याला थडग्यापाशी नेलं आणि लांब उभी राहिले. तो खाली बसून बोलत होता. वारा नदीकडचा होता, शब्द मला ऐकू आले नाहीत.

आता तो दोर वळतो. आम्ही दोघंही म्हातारे झालो. जुन्यापैकी कोणी अजूनही त्या आगीचं नाव काढून त्याची पाठ थोपटायला येतं. तो काम थांबवतो आणि सांगतो, "आत माणूस होता. तन्हूम त्याचं नाव. त्याने तीन हाका मारल्या, आम्ही त्या ऐकल्या." मग ते लोक ऊन किती आहे, सातू कसा आलाय, असं काहीतरी बोलून निघून जातात.